पूर्ण गच्ची

अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच कळलं नाही. चौथीत बाई माझ्या वहीत लाल पेनाने गोल करत बसायच्या, आणि पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती, म्हणून माझं शिक्षण तिथेच थांबलं. हे कुणाच्या हाती लागलंच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. खरं म्हणजे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. मुलीच्या नववीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती आणि वही रद्दीत चालली होती. कोरा कागद फुकट गेलेला मला बघवत नाही. एखादा शब्द अडला तर तिच्याच पुस्तकात बघते.

सुरुवातही तिच्या पुस्तकातूनच झाली. मुलीचा अभ्यास मी घेते, म्हणजे ती पाठ म्हणते आणि मी पुस्तक धरून बसते. त्या दिवशी समानार्थी शब्द होते. रुंद या शब्दापुढे सगळी रांगच होती. विस्तीर्ण, प्रशस्त, ऐसपैस, विशाल, व्यापक, अफाट.

"एवढ्या सगळ्यांचा अर्थ एकच?" मी विचारलं.

"हो गं आई, सेम. कुठलाही लिहिला तरी मार्क मिळतो."

"मग एवढे केले कशाला?"

"मला काय माहीत? तू पुढचा विचार ना!"

मी पुढचा विचारला, पण मला पटलं नव्हतं. प्रशस्त हा शब्द मी फक्त हायवेवरच्या बिल्डरांच्या बोर्डांवर वाचलाय. आमच्या घरात तो कधी आला नाही, आला असता तर उभाही राहू शकला नसता. ऐसपैस हा माझ्या आईचा शब्द. मी लहानपणापासून अंग चोरून बसायची, पाटावरसुद्धा अर्धी. आई म्हणायची, "ऐसपैस बस गो, कोण भाडा मागूक येवचो नाय." ह्यांच्या कामाला सगळे व्याप म्हणतात. हे गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभे करतात, घरी येऊन आडवे होतात, आणि शेजारी म्हणतात, बिचाऱ्याचा व्याप किती. मी घरात शिवायला बसले की त्याला पसारा म्हणतात. "तुझा तो पसारा आवर आधी." पुस्तकात हे दोन शब्दही शेजारी शेजारीच छापलेले असतील.

आणि माझे सासरे. ते गिरणीत होते, गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, पण रुंदी हा शब्द त्यांच्या तोंडी अजून येत नाही. कापडाचा पन्हा. चादरीचाच काय, एकदा टीव्हीवर नदीचा पूर दाखवत होते तेव्हासुद्धा म्हणाले, "पन्हो बघ किती तेचो!"

आता पडद्याचं सांगते.

आमची खोली पुनर्वसनाच्या इमारतीतली, दिंडोशीच्या डोंगराच्या बाजूला. लांबट आहे. एका टोकाला खिडकी आणि पलंग, दुसऱ्या टोकाला दार. मधल्या जागेत स्वयंपाक, अभ्यास, झोपणं सगळं. खिडकीपाशी माझी शिलाई मशीन. ती मी ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून, स्वतःच्या पैशांनी घेतली. या घरात माझ्या एकटीचं असं काही असेल तर मशीनसमोरचं ते स्टूल. तिथे बसले की मला कुणी उठवत नाही.

ह्यांच्या ओळखीचा एक डेकोरेटर आहे. लग्नाचे मंडप, हॉलचे पडदे, खुर्च्यांची कव्हरं असं त्याचं काम. त्याचा शिलाईवाला गावाला गेला होता, म्हणून तो आमच्याकडे आला. एका कॉलनीच्या हॉलला स्टेजसाठी नवा पडदा हवा होता. मरून रंगाची मखमल.

"भाभी, स्टेजची पूरी चौडाई झाकली पाहिजे," तो दारातूनच म्हणाला. "वरून चुण्या पडतील एवढा घेर पण पाहिजे. झकास झालं ना, तर सगळे पडदे तुम्हालाच."

मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. मी मान हलवली. तेवढ्यावर काम ठरलं आणि संध्याकाळी टेम्पोतून मखमलीचा गठ्ठा आला. दोघांनी उचलून तो पलंगावर ठेवला तेव्हा सासऱ्यांना मी उठवून दाराजवळ नेऊन बसवलं.

पडदा म्हणजे उभे पट्टे एकाला एक जोडायचे. पट्ट्याची उंची आधी मोजून ठेवली होती, आणि गंमत अशी की ती जवळपास आमच्या खोलीच्या लांबीएवढी होती. मला वाटलं, हे बरं झालं. मुलीने एक टोक धरलं आणि पलंगापासून दारापर्यंत कापड नेलं. दारापुढे पॅसेज, आणि पॅसेजमध्ये एक चप्पल जरी सरकली तरी शेजारीण हद्द दाखवते. म्हणून दारापाशी घडी घालून कापड तिथूनच मागे वळवलं, पलंगापर्यंत आणलं, पुन्हा वळवलं. अशा घड्यांवर घड्या झाल्या. मग वळणावर वळणावर कात्री चालवली. पट्टे तयार झाले. जसे हाती आले तसे एकाला एक जोडत गेले. मशीनखालून निघालेलं कापड पलंगाखाली ढकलायचं, पलंगावरचं ओढायचं. एका वेळी डोळ्यांसमोर जेमतेम हातभर मखमल असायची. ती सुंदर दिसायची. शेवटची शिलाई घातली तेव्हा मी मुलीला म्हटलं, एवढा मोठा पडदा माझ्या हातून झाला. पण तो मी बघितला कुठे होता? पूर्ण पडदा उघडून बघायला तेवढी भिंत पाहिजे ना.

हॉलमध्ये तो वर चढवला तेव्हा मी ह्यांच्यामागे उभी होते. आधी साध्या ट्यूबलाइट होत्या, तेव्हा काही कळलं नाही. मग त्यांनी स्टेजचे मोठे दिवे लावून बघितले.

एक पट्टा गडद आणि एक फिका. पुन्हा गडद, पुन्हा फिका. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकाच गठ्ठ्यातली मखमल, पण दोन रंगांची वाटत होती.

कॉलनीच्या कमिटीतल्या एक बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "हे डिझाइन आहे का?"

डेकोरेटरने डोक्याला हात लावला. "वाट लागली! भाभी, हा पडदा आहे की जमखाना? परवा कॉलनीचा प्रोग्राम आहे."

कुणीतरी मागे हसलं. मी पडद्याकडे बघत राहिले, कारण माणसांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. तो बोलतच होता. दुसरीकडून भाड्याने पडदा आणावा लागेल, त्याचं भाडं कोण देणार, ही मखमल वाया गेली, तिचं काय. ह्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि मला कळलं की आता हे माफी मागणार आणि काम परत देऊन टाकणार.

"भाडं मी देईन," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज एवढा बारीक आला होता की पुन्हा बोलावं लागलं. "भाडं मी देईन. आणि हा पडदा मीच नीट करून देईन."

"कसा?"

"करीन."

कसा ते मला तरी कुठे माहीत होतं? चूक काय झाली हेच समजलं नव्हतं.

घरी आल्यावर हे हातपाय धुऊन जेवायला बसले. जेवताना म्हणाले, "माणसाने आपला आवाका बघून काम घ्यावं. उद्या त्याला सांगतो, मशीन घेऊन जा आणि मिटव. त्याला मशीन लागतेच."

"मशीन द्यायची नाही," मी म्हटलं.

"मग पैसे कुठून आणणार?"

"तीच मशीन चालवून."

ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. मुलगी कढीचं पातेलं हातात धरून तशीच उभी होती. आमच्याकडे मी उलट बोलल्याचं तिने बघितलंच नव्हतं.

पडदा सोडवून परत आणला होता. सासऱ्यांनी पलंगावर बसल्या बसल्या त्याच्यावरून हात फिरवला. एका पट्ट्यावरून खाली, मग शेजारच्या पट्ट्यावरून खाली. मग हसायलाच लागले.

"मांजराचा आंग असा ता," ते म्हणाले. "एका बाजून हात सरळ जाता, दुसऱ्या बाजून केस उभे रवतत. तू एक मांजर सुलटा लावलंस आणि एक उलटा."

मी पण हात फिरवून बघितला. खरंच होतं. कापड मागे वळवून कापलं, त्यामुळे एकाआड एक पट्टा उलटा झाला होता. त्याची लव वरच्या दिशेने, शेजारच्याची खालच्या दिशेने. प्रकाश पडला की दोन्ही वेगवेगळे चमकायचे.

"बाबा, मग आधी का नाही सांगितलंत?"

"माका खय कोण इचारता! माका दाराकडे नेवन बसवलास."

मी पडदा सरकवून त्यांना पलंगावर आधी जागा करून दिली.

उसवायला घेतलं. ते काम हलक्या हाताने करावं लागतं, दोरा ओढला तर लव निघते. उसवलं तेव्हा दुसरी गोष्ट पुढे आली. मखमलीत सुई एकदा गेली की तिची भोकं राहतात. जोडाच्या दोन्ही कडा बोट-बोटभर कापून काढाव्या लागणार होत्या. बोट म्हणजे काही नाही, पण प्रत्येक जोडाला दोन बोटं धरली तर पडदा एवढा अरुंद होत होता की स्टेजची एक बाजू उघडी पडली असती. म्हणजे एक पट्टा नवा घ्यायला हवा. मी डेकोरेटरला स्वतः फोन केला. आधी काय बोलायचं ते मुलीला दोनदा म्हणून दाखवलं.

"कापडाचे पैसे पण तुमच्यावरच, भाभी," तो म्हणाला. "भाडं आणि हे कापड. मजुरीतून कापू?"

"या पडद्याची मजुरी धरूच नका. पुढच्या कामांतून कापा."

"पुढचं काम? आधी हा तर करा."

"हा होणार आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला मीच आधी.

आता जागेचा प्रश्न. पुन्हा त्याच खोलीत, त्याच घड्यांमध्ये शिवला असता तर काय झालं असतं ते देव जाणे. मला सगळे पट्टे एकाशेजारी एक पसरून बघायचे होते. एवढी जागा आमच्या इमारतीत एकाच ठिकाणी होती. गच्चीवर. आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे.

सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेत होते, आता घरीच असतात. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. जिन्यात भेटले की मी भिंतीला लागून त्यांना वाट द्यायची. त्यांच्या दारापर्यंत मी दोनदा गेले आणि परत आले. तिसऱ्या वेळी त्यांनीच दार उघडलं, कचऱ्याची बादली ठेवायला.

"काय वहिनी?"

"गच्ची पाहिजे होती."

"पापड का? घाला ना. एक कोपरा घ्या, टाकीकडचा."

मी हो म्हणणार होते. हो म्हणणं माझ्या जिभेवर बसलंय. तेवढ्यात हॉलमधले ते दिवे डोळ्यांपुढे आले, गडद पट्टा, फिका पट्टा.

"कोपरा नको. पूर्ण गच्ची पाहिजे."

"पूर्ण?" ते हसले. "काय, लग्न आहे का?"

"स्टेजचा पडदा पसरायचाय. कोपऱ्यात शिवला म्हणून चुकला तो. आता पूर्ण जागा घेऊन करायचाय."

त्यांनी बादली खाली ठेवली. "लोक तक्रार करतील. कपडे वाळत घालायचे असतात."

"दुपारपर्यंतच. उन्हं चढली की मला तरी कुठे बसता येणार? झाडून देईन. लोकांना मी सांगते."

लोकांना मी सांगते, हे मी बोलले. मलाच खरं वाटेना. ते आत जाऊन किल्ली घेऊन आले. "आठवडाभर. आणि टाकीच्या पाइपला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजल्या-मजल्यावर जाऊन सांगितलं. वाक्य एकच ठरवलं होतं, तेच प्रत्येक दारात म्हणत गेले. चौथ्या मजल्यावरची म्हणाली, "तुला बोलता येतं होय गं?" मी म्हटलं, "येतं. कपडे दुपारनंतर घाल."

मखमलीला धूळ लागते, म्हणून आधी गच्ची झाडली, पुसली, मग तिच्यावर जुन्या साड्या अंथरल्या. माझ्या, आईने दिलेल्या, शेजारणींकडून मागून आणलेल्या. मुलीने प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवला आणि उलट्या बाजूला खडूने बाण काढला. बाणाचं टोक वर. मग सगळे पट्टे, सगळे बाण डोंगराकडे करून, एकाशेजारी एक मांडले. नवा पट्टाही मांडला. मांडून झाल्यावर मी एका टोकाला उभी राहिले.

पलीकडे जंगलाचा डोंगर, इकडे स्टुडिओची पत्र्याची छपरं, आणि मध्ये ते मरून कापड. सगळं एका रंगाचं. मी त्याच्या कडेने चालत दुसऱ्या टोकाला गेले. चालायला वेळ लागला. मुलगी म्हणाली, "आई, विस्तीर्ण!" पुस्तकातला शब्द तिने तिथे वापरला आणि तो बरोबर बसला. माझ्या मनात मात्र आईचाच आला. मी पडद्याच्या कडेला साडीवर मांडी घालून बसले, दोन्ही गुडघे जिथे जातील तिथे जाऊ दिले, आणि सुईत कच्चा दोरा ओवला.

गच्चीवर हाताने कच्चे टाके घालायचे आणि खाली येऊन मशीनवर पक्के करायचे, असं ठरवलं. त्यामुळे पट्टा कुठे फिरण्याचा प्रश्नच नव्हता. बायका येऊन बघायच्या. "काय गं, हॉल उघडतेस काय?" "आमच्या पोरीच्या लग्नाला फुकट देशील ना?" ज्या शेजारणीने पॅसेजमध्ये हद्द दाखवली होती ती पण आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तिकडचं टोक वाऱ्याने उडतंय. धरू का?" ती तिथे बसली ती दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा डबाच घेऊन आली.

हे एकदा कामाला जायच्या आधी वर आले. एका वाकड्या बाणाकडे बोट दाखवून विचारलं, "हा असाच का?" मुलीने तपासलं, तो फक्त वाकडा काढलेला होता. ह्यांनी मान हलवली आणि एका टोकाची साडी सरळ करून गेले. तो पसारा आहे, असं म्हणाले नाहीत.

आठवडा संपायच्या आत गच्ची झाडून मी किल्ली परत दिली.

पडदा पुन्हा चढला तेव्हा मी ह्यांच्यामागे उभी राहिले नाही. स्टेजवरच गेले. डेकोरेटरने दिवे लावले. पडदा एकसारखा होता, इकडून तिकडे. त्याने तो ओढून बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला, दोन्ही बाजूंना झाकतो का ते बघितलं. "हां," तो म्हणाला. "आता बरोबर." कमिटीच्या बाई मोबाइलवर बोलत होत्या, त्यांनी हाताने छान म्हणून खूण केली आणि बोलत राहिल्या. मला तेवढं पुरलं.

आठ-दहा दिवसांनी त्याचा फोन आला. दुसऱ्या हॉलचे खिडक्यांचे पडदे होते. मी आधी विचारलं, लव असलेलं कापड आहे का, किती पन्ह्याचं आहे, आणि जोड कुठे येणार. तो म्हणाला, "भाभी, तुम्ही तर एकदम वकील झालात." मग खुर्च्यांची कव्हरं आली, मग गणपतीच्या मंडपाची झालर. प्रत्येक मजुरीतून तो थोडे कापून घ्यायचा, उरलेले माझ्या हातात द्यायचा. त्या महिन्यांत मी नवी साडी घेतली नाही, मुलीच्या क्लासची फी मात्र थांबवली नाही. हे पुन्हा कधी मशीनबद्दल बोलले नाहीत. एकदा तिच्या चाकाला तेल घातलेलं दिसलं. मी घातलं नव्हतं.

शेवटचे थोडे पैसे द्यायचे राहिले होते, ते कापून घेण्याची मी वाट बघितली नाही. ब्लाउजांचे आलेले पैसे घेतले आणि त्याच्या गोडाऊनला एकटी गेले. ह्यांना बरोबर घेतलं नाही. आत सगळीकडे गालिचे, बांबू, दुमडलेले पडदे. त्याने एक खुर्ची पुसून पुढे केली आणि मी तिच्यावर नीट मागे टेकून बसले.

"भाभी, एक सांगू? तेव्हा तुमच्या मिस्टरांनी मला फोन केला होता. मशीन घेऊन जा म्हणाले. मी टेम्पो पण सांगून ठेवला होता. मग कापडासाठी तुमचाच फोन आला, म्हणून थांबलो."

"मशीन घरीच आहे," मी म्हटलं, आणि पैसे टेबलावर ठेवले.

मी घरून मोजून आणले होते, तरी त्याने बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजले. ड्रॉवर उघडला, आत टाकले, बंद केला.

"पूरे झाले भाभी. आता तुमच्याकडे माझं काही बाकी नाही."